थांब, झिरो करतोय

नेरळला लोकल फार वेळ थांबत नाही. बदलापूरपासून दारात दाटलेली माणसं पिशव्यांसकट फलाटावर सांडतात आणि गाडी कर्जतकडे निघून जाते. त्या सांडलेल्या गर्दीत एकच गृहस्थ दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, हनुवटी आत ओढून, राष्ट्रगीत चालू असल्यासारखे उभे दिसले, तर ते आमचे भावोजी समजावेत. शेजारी ताई असते. पिशव्या तिच्या हातात असतात, कारण भावोजींना त्या क्षणी हात हलवायची बंदी असते. मी पिशवी घ्यायला पुढे झालो की भावोजी मानेनेसुद्धा नाही, नुसत्या बुबुळांनी मला अडवतात.

“थांब, झिरो करतोय.”

मग पाच सेकंद आम्ही तिघंही स्तब्ध. चहावाला बघतो, रिक्षावाले बघतात. भावोजींच्या पँटच्या पट्ट्यामागे कुठेतरी ‘टुँ’ वाजतं आणि भावोजी माणसांत परत येतात. “हां! काय मेहुणे, कसं काय?”

भावोजींच्या कंबरेला गेली तीन वर्षं सेन्सर आहे. एक नाही, दोन. खोबऱ्याच्या वडीएवढ्या दोन चकत्या; एक माकडहाडाच्या वर चार बोटं, दुसरी बरगड्या संपतात तिथे. एक का पुरत नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की पाठीचं हे प्रकरण मला पाठ झालंय. चकतीच्या आत सिलिकॉनच्या स्प्रिंगांवर टांगलेलं एक अतिसूक्ष्म वजन असतं. आपण कललो की गुरुत्वाकर्षणाने ते सरकतं आणि त्यावरून यंत्र कल काढतं. पण एकच चकती असली तर तिला एवढंच कळतं की माणूस कललाय. तो मांडीच्या सांध्यातून कलला की कंबरेतून वाकला, हे तिला सांगता येत नाही. दोन चकत्यांच्या कलातला फरक काढला की कंबरेचा खरा बाक मिळतो. तो अठरा अंशांच्या वर गेला की पट्टा थरथरतो. अठराच का, हे मी एकदा विचारलं होतं. त्या दिवशी माझी कर्जतची गाडी चुकली.

अशी माणसं दर घरात असतातच. आमच्या आजोबांच्या पिढीत ती अंगणात डबा ठेवून पाऊस मोजायची. वडिलांच्या पिढीत स्कूटरचं ॲव्हरेज काढायची आणि ते पंचावन्नच्या खाली आलं की दोन दिवस जेवायची नाहीत. दूधवाल्यासमोर लॅक्टोमीटर बुडवणारे काका, पाहुण्याचा सदरा वर करून ‘घेऊन टाकू ना बीपी’ म्हणणारी मामी, ही सगळी एकाच गोत्राची. भावोजींना तर हे पोटापाण्यातूनच लागलं. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते बत्तीस वर्षं कॅलिब्रेशनला होते. म्हणजे गेज तपासायचे. जे यंत्र दुसऱ्याला मोजतं ते स्वतः खरं बोलतं की नाही, हे बघायचं काम. जगाकडे बघायची त्यांची नजरच तशी झाली. मनगटावर घड्याळ असून ते रस्त्यात लोकांना वेळ विचारतात, पडताळायला. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला ताईने हात लावून “अंग चांगलंच तापलंय गं बाई” म्हटलं की भावोजी आतून ओरडणार, “भावना नको, रीडिंग सांग!”

हे वाक्य आमच्याकडे आता म्हणीसारखं वापरतात. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी कोणीतरी म्हणतं, रीडिंग सांग.

कंबरेचं निमित्त झालं ते पितळी बंबाचं. माळ्यावर पंचवीस वर्षं धूळ खात पडलेला बंब मोडीत काढायचा होता. ताई म्हणत होती की शेजारच्या मुलाला येऊ द्या. भावोजींनी स्टुलावर चढून तो उचलला, वळले, आणि वळले तसेच राहिले. उसण भरली. त्या अवस्थेत त्यांना स्टुलावरून उतरवायला चार माणसं लागली आणि बंबाला एक. पुढचे दोन आठवडे शेजारपाजार येऊन आपापलं शास्त्र सांगून गेला. ओवा आणि लसूण घालून कडवलेलं तेल. रुईची पानं तव्यावर गरम करून बांधायची. विटेचा शेक. आणि अर्थातच, पायाळू माणसाची लाथ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जन्मताना ज्याचे पाय आधी येतात तो पायाळू. उसण भरलेल्याच्या कंबरेला अशा माणसाने पाय लावला की उसण उतरते, असं आपल्याकडची जुनी माणसं मानतात. वाटेल तेव्हा मिळेल अशी ही चीज नाही. पाचसहा गल्ल्यांत मिळून एखादाच सापडतो. गंमत अशी की आमच्या भावोजींच्या गल्लीतला तो एकमेव पायाळू म्हणजे स्वतः भावोजी. लहानपणी चाळीतले लोक त्यांना शाळेत निघताना अडवून पाठ पुढे करायचे. कुणी भुईमुगाच्या शेंगा द्यायचं, कुणी पाच पैसे. सगळ्या तालुक्याला पुरतील एवढ्या लाथा मारलेल्या या माणसाला स्वतःच्या कंबरेपर्यंत स्वतःचा पाय नेता येत नव्हता. “तेव्हा रेकॉर्ड ठेवायला हवं होतं,” ते अजून हळहळतात. “किती जणांना गुण आला, काही आकडाच नाही.”

डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला, वयाप्रमाणे थोडी झीज आहे, बाकी विशेष काही नाही म्हणाले. ‘विशेष काही नाही’ हे भावोजींना लागलं. बत्तीस वर्षांत कुठल्याही गेजला त्यांनी असं म्हटलं नव्हतं. बिघाड आहे तर कुठे आहे ते दाखवा! भाचीने, म्हणजे त्यांच्या लेकीने, समजावलं की बाबा, बहुतेक कंबरदुखीत एक असं नेमकं कारण सापडतच नाही. ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिला असले पेशंट रोज बघायची सवय. तिनेच सांगितलं की २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. या आकड्याने भावोजींची कंबर नाही, पण मन बरंच हलकं झालं. भेटेल त्याला सांगायचे, “आम्ही एकसष्ट कोटींतले.”

मग यंत्रं आली. पहिल्यांदा एक उशी. खुर्चीत ठेवायची, तिच्यात दाब ओळखणारे तुकडे होते. डाव्या कुल्ल्यावर जास्त भार पडला की मोबाइलवर डावीकडे लाल. नंतर पट्टा. पट्ट्याबरोबर मोबाइलमधली बाई आली, जी इंग्रजीत बोलते आणि जिला कुठे बोलू नये हे कळत नाही. सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या दहाव्याला सगळे खाली माना घालून बसले होते. भटजी दर्भ शोधत होते. त्या शांततेत भावोजींच्या खिशातून आवाज आला, “सिट टॉल!” गेलेल्या माणसाचे थोरले बंधू, वय वर्षं ब्याऐंशी, एकदम ताठ झाले. ते पुढे तासभर तसेच ताठ बसून होते, हे भावोजी अभिमानाने सांगतात.

नमस्काराचाही प्रश्न उभा राहिला. एका लग्नात वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची सत्तावीस वाकणी पट्ट्याने नोंदवली आणि भावोजींनी संध्याकाळी आम्हाला तक्ता दाखवला. यावर त्यांनी उपाय काढला, त्याला आधार जर्मनीचा. उल्म इथल्या संशोधकांनी एका माणसाच्या मणक्यांमधल्या गादीतच दाबाचा सेन्सर बसवला, दिवसरात्र त्याची मापं घेतली आणि १९९९ साली ती छापली. भावोजींच्या दृष्टीने ही मानवजातीच्या इतिहासातली सर्वांत सुंदर घटना आहे. गेज थेट कण्यात! त्यातले आकडे त्यांना रामरक्षेसारखे येतात. उताणं पडलं की ०.१० मेगापास्कल. उभं राहिलं की ०.५०. वीस किलोचं ओझं पाठीची कमान करून उचललं तर २.३, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दहापट. तेच गुडघे वाकवून उचललं तर १.७. तेव्हापासून भावोजी नमस्कारही गुडघे वाकवून करतात. पाठ ताठ, पाय फाकलेले, नजर समोर. त्यांची मावशी अंथरुणाला खिळलेली आहे, ती म्हणाली, “अरे, मला उचलतोस की काय?”

त्याच आकड्यांत कुशीवर पडून खळखळून हसताना ०.१५ आणि शिंकताना ०.३८ असंही दिलंय. म्हणून भावोजी झोपलेले असताना त्यांना कोणी विनोद सांगायचा नाही.

एकदा त्यांनी पट्टा अर्धा दिवस ताईला बांधला, तुलनेसाठी. ताईने केर काढला, कणीक तिंबली, मोरीत चादरी आपटल्या, ओट्याखालचा तांदळाचा डबा ओढला. पट्टा सकाळी दहाला जो थरथरायला लागला तो थांबेचना. दुपारी बाराला बॅटरी संपून गार पडला. भावोजी तो तक्ता बराच वेळ बघत बसले. ताई म्हणाली, “काढून घ्या ते, पदर खोचता येत नाही.” या प्रयोगावर भावोजी नंतर कधी बोलले नाहीत. पण त्यानंतर तांदळाचा डबा ओट्याखालून निघून कंबरेच्या उंचीच्या फळीवर आला, एवढं मी पाहिलं.

भाचीचं आणि त्यांचं भांडण झालं ते ऑस्ट्रेलियावरून. २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिकडची एक मोठी चाचणी छापून आली. जुन्या कंबरदुखीचे ४९२ लोक, तीन गट. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला अशी फिजिओथेरपी, जिच्यात दुखण्याची भीती घालवतात, ज्या हालचाली माणूस टाळत असतो त्याच हळूहळू करायला लावतात. तिसऱ्या गटाला तेच सगळं, वर कंबरेला हालचाल टिपणारे सेन्सर. दुसरा आणि तिसरा गट वर्षभरानंतरही पहिल्यापेक्षा पुष्कळ बरे होते. पण दुसऱ्या-तिसऱ्यात फरक नाही.

“म्हणजे माझा पट्टा फुकट?” भावोजी.

“फुकट कुठे बाबा, साडेपाच हजारांचा आहे.”

भावोजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले की तिकडच्या सेन्सरांचं कॅलिब्रेशन नीट झालं नसणार. पण लेक त्यांच्याच रक्ताची. तिने दुसरा कागद पुढे केला. २०२४ सालचा, तोही ऑस्ट्रेलियाचाच, ७०१ लोकांचा. नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्यांपैकी निम्म्यांना टप्प्याटप्प्याने चालायला लावलं, आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत. न चालणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला, मध्यक काढला तर, ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांची २०८. इथे मात्र भावोजींचा चेहरा उजळला. दोनशे आठ! याला म्हणतात रीडिंग. पण डोंबिवलीत चालायचं कुठे? फुटपाथवर भाजी, रस्त्यावर खड्डे, आणि खड्ड्यात पाय गेला की पट्टा बोंबलतो.

“मग मामाकडे जा,” भाची म्हणाली. “त्याच्या डोक्यावर माथेरान आहे. तिथे मोटार चालतच नाही. पायी नाही चाललास तर उपाशी राहशील.”

अशा रीतीने एका जानेवारीत ही मंडळी माझ्याकडे नेरळला उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर निघालो. भावोजींना छोट्या गाडीनेच जायचं होतं. तिकीट मिळालं नाही. मग टॅक्सीच्या मागच्या बाकावर दाबून बसून त्यांनी आम्हाला गाडीचंच वर्णन ऐकवलं. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाने ही दोन फुटी रेल्वे बांधली. घाटातली वळणं इतकी आवळ की साधं इंजिन रुळावरून उतरलं असतं. म्हणून जर्मनीहून जी वाफेची इंजिनं आणली, त्यांचे आस बाजूला सरकून वळणाबरोबर वळतील असे केलेले होते. “कळलं का मेहुणे? इंजिनाला कंबर दिली होती, कंबर!” टॅक्सीवाल्याने त्याच वेळी एक वळण असं घेतलं की आम्ही सगळे भावोजींच्या अंगावर. पट्टा थरथरला. “तेवीस,” भावोजी म्हणाले. पुढच्या वळणाला “सव्वीस”. दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सीवाला स्वतःच आरशात बघून विचारायला लागला होता, “किती आला शेठ?”

दस्तुरीला गाड्यांचं राज्य संपतं. पुढे झाडी, लाल माती, आणि “शेठ घोडा! शेठ हमाल!” गावात शिरायला अडीच-तीन किलोमीटर. अमन लॉजहून शटल मिळते, अलीकडे थोड्या ई-रिक्षाही आल्यात, पण भावोजींना पायीच जायचं होतं. सामानासाठी एक हमाल केला. पन्नाशीचा असेल, खालच्या वाडीतला. अंगाने सडसडीत. डोक्यावर चुंबळ ठेवली, त्यावर आमची मोठी बॅग, तिच्यावर ताईची, आणि मान जराही न हलवता खाली बसल्यासारखा होऊन उठला. भावोजी बघतच राहिले. त्यांनी रस्त्यातच पट्टा सोडला.

“भाऊ, जरा दोन मिनिटं हा बांधतोस?”

“काय हाय?”

“कंबर मोजतो.”

“बांधा. पन बॅगा उतरनार न्हाई मी.”

शंभर पावलं तो चालला. भावोजींनी मोबाइल पुढे धरून मला दाखवला. रेघ जवळजवळ सपाट. चढ आला, दगड आला, घोडा आडवा आला, तरी तीन-चार अंशांच्या पलीकडे नाही. “हे बघ! पस्तीसेक किलो डोक्यावर. याला म्हणतात कणा!” आणि मोठ्या आदराने त्याला विचारलं, “तुझी कंबर कधी दुखत नसेल ना रे?”

“दुखते ना,” हमाल म्हणाला. “रोज दुखते. रातच्याला लई.”

भावोजींनी मोबाइलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा मोबाइलकडे. तक्ता आणि माणूस यांच्यात तफावत आली की गेज बदलायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. पण इथे गेज बरोबर होतं.

वाटेत हातरिक्षा भेटली. एक जण पुढे दांड्यांमध्ये, दोघं मागून रेटताहेत, आत एक जाडजूड शेठजी भ्रमणध्वनीवर. चढावर पुढच्याची पाठ रस्त्याशी किती जवळ गेली होती ते दिसत होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ही माणसाने माणसाला ओढायची चाल सहा महिन्यांत बंद करा म्हणून सांगितलं, त्याच्या आधीची ही गोष्ट. भावोजी एरवी दिसेल त्याचा कोन सांगतात. मी वाट बघत होतो. ते बाजूला सरून उभे राहिले, रिक्षा जाऊ दिली, आणि काहीच बोलले नाहीत. ताईने माझ्याकडे पाहिलं.

घोड्याचं मात्र त्यांनी ऐकलं नाही. “फक्त तुलनेसाठी,” म्हणत अमन लॉजच्या पुढे एका तपकिरी घोड्यावर चढले. “राजा एकदम गरीब हाय शेठ,” घोडेवाला म्हणाला. राजा खरोखरच गरीब होता, पण घोड्याची चाल ती घोड्याची. दहा पावलांत भावोजींचा पट्टा, खिसा, मोबाइल सगळं एकदम वाजायला लागलं. मोबाइलमधल्या बाईला वाटलं की हा माणूस जिन्यावरून गडगडतोय. तिने इंग्रजीत विचारलं, तुम्ही पडलात का? भावोजींचे दोन्ही हात खोगिराला. उत्तर आलं नाही म्हणून तिने ठरल्याप्रमाणे तातडीचा फोन लावला. तो वाजला ताईच्या पर्समध्ये, घोड्याच्या मागे तीन फुटांवर. ताईने उचलला. “हं, बघतेय मी त्यांना,” ती यंत्राला म्हणाली आणि बंद केला.

बाजारपेठेत उतरल्यावर भावोजींनी बघितलं तर मोबाइलने साडेचार हजार पावलं त्यांच्या नावावर जमा केली होती. भावोजी प्रामाणिक. ती आपली नाहीत, राजाची आहेत, असं ते घोडेवाल्याला सांगायला लागले. त्याने पैसे मोजता मोजता विचारलं, “मग कंबर कशी हाय म्हनतो तुमचा मशीन, राजाची?”

“उत्तम आहे,” भावोजी म्हणाले.

“बरं झालं. मलाच काळजी होती.”

दुसऱ्या दिवशी आम्ही चाललो. चाललो म्हणजे काय, माथेरानला दुसरं करण्यासारखं काही नसतंच. सकाळी लुईझा पॉइंट, मग शार्लोट तलाव, पिसरनाथाचं देऊळ, दुपारी चपलांची दुकानं आणि चिक्की, संध्याकाळी पॉर्क्युपाइनवर सूर्यास्त. मुळांना ठेचकाळत, धुळीने गुडघ्यापर्यंत लाल होत. हे हुतात्मा भाई कोतवालांचं गाव, त्यांचा जन्म इथलाच, १९१२ चा, हे मी सांगितल्यावर भावोजींनी टोपी काढली आणि आपोआप ताठ झाले. देवळापाशी त्यांनी माकडाला बघून चिक्की लपवली, ती वाकून. तलावाच्या काठावर वाकून पाण्यात हात घातला. एका पायवाटेवर ताईच्या चपलेचा अंगठा तुटला, तो खाली बसून, पार दुमडून, त्यांनी सुतळीने बांधून दिला. पट्टा गप्प होता. संध्याकाळी सूर्य बुडताना भावोजी समाधानाने म्हणाले, “आज एकदाही थरथरला नाही. सुधारणा आहे, मेहुणे. सकाळपासून अठराच्या आत आहे मी!”

ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. पट्ट्यावरचा हिरवा दिवा सकाळी न्याहारीच्या वेळीच विझलेला आम्ही दोघांनी पाहिला होता. चार्जिंगची वायर डोंबिवलीत राहिली होती. बत्तीस वर्षं बंद गेजं ओळखणाऱ्या माणसाला कंबरेवरचं गेज बंद असलेलं दिवसभर कळू नये! ताईने डोळ्यांनीच सांगितलं, बोलायचं नाही. मी बोललो नाही. रात्री खोलीत त्यांना स्वतःलाच कळलं. बाहेर व्हरांड्यात बसून मी ऐकत होतो. बराच वेळ आवाज नाही. मग वहीचं पान उलटल्याचा आवाज. सकाळी ती वही टेबलावर उघडी होती, म्हणून वाचली. वाचायला नको होती. त्या दिवसाच्या रकान्यात सगळीकडे आडव्या रेघा मारल्या होत्या आणि शेवटी ‘शेरा’ म्हणून लिहिलं होतं : मापन झाले नाही. कंबर दुखली असल्याचे स्मरत नाही.

परत निघताना तोच हमाल मिळाला. दस्तुरीवर बॅगा उतरवून, चुंबळ झटकत तो पाठीवर हात ठेवून जरा उभा राहिला. भावोजींनी विचारलं, “दुखतेय?”

“उसण भरल्यावानी झालंय कालधरनं. आता कोन पायाळू मिळतो का बघतो वाडीत.”

मी ताईकडे पाहिलं. ताईने कपाळाला हात लावला.

“मी आहे,” भावोजी म्हणाले.

“काय?”

“पायाळू.”

हमालाचा चेहरा खुलला. त्याने तिथल्या तिथे पाठ फिरवली, गुडघ्यावर हात टेकले. आता दस्तुरी नाका म्हणजे भर बाजार; टॅक्स भरायला रांगेत पन्नास माणसं, त्यातल्या निम्म्यांच्या हातात मोबाइल वर केलेले. एक पांढऱ्या बुटांतला शहरी म्हातारा हमालाला लाथ मारणार, हे दृश्य बाहेरून कसं दिसेल याचा विचार मला घाम फोडून गेला. “अहो, लोक बघताहेत,” ताई पुटपुटली. भावोजींनी बूट काढला. मोजाही काढला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, आधी पुढे झाले आणि त्या माणसाच्या लाल मातीने भरलेल्या पायांना हात लावून नमस्कार केला. गुडघे न वाकवता. कंबरेतून, सरळ खाली, लहान मूल आजोबांना करतं तसा. मग मागे येऊन उजव्या पायाचा अंगठा त्याच्या कंबरेला तीनदा टेकवला. रांगेतल्या एका बाईने हात जोडले. का ते तिलाच माहीत.

हमाल सरळ झाला. डावीउजवीकडे वळून बघितलं.

“कसं वाटतंय?” भावोजींनी वही काढलीच होती.

“बरं वाटलं.”

भावोजींनी लिहिलं. मग पेन थांबलं. रकान्याच्या वरच्या कोपऱ्यात जिथे अंश, किलो, मेगापास्कल असं लिहायचं असतं, तिथे ते अडले होते.

“मेहुणे, याचं एकक काय लिहू?”

मी काही बोलायच्या आत हमालाने बॅगांकडे बोट दाखवलं. “दोन नग शेठ. तीनशे द्या.”